शर्यतीआधीचं एक मिनिट

"मिलिंद, सुहास उठलाच नाही रे सकाळी..." वृंदावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात बसमध्ये होतो, ड्यूटीवर निघालेला. पुढच्या स्टॉपला उतरलो आणि उलट दिशेची बस कुठे मिळते हेच आठवेना. याला आता पाच आठवडे झाले. सुहास बावन्न वर्षांचा होता. भूल देणारा डॉक्टर, मिरजेच्या मेडिकल होस्टेलपासूनचा माझा मित्र. त्याच्या थट्टेखोर स्वभावाबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलं, ते खरंच आहे. मला मात्र २०१६च्या उन्हाळ्यातली एक दुपार सोडत नाही.

तेव्हा आम्ही दोघं पोर्टलीशला राहायचो आणि तासाभराच्या अंतरावर एका इस्पितळात सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करायचो. करार संपला की पुन्हा अर्ज, कधी पुन्हा नवं गाव. वहिनींनी चार वेळा संसार खोक्यांत भरला होता. सुहासला गाड्यांचं भारी वेड. साठच्या दशकातल्या, लांबट, बिनछपराच्या ग्रां प्री गाड्यांची इथे दर उन्हाळ्यात शर्यत व्हायची आणि हा तिथे हौसेने, बिनपगारी डॉक्टर. ज्याला तो अनफिट ठरवेल त्याची गाडी हलायची नाही. सकाळपासून तो प्रत्येक ड्रायव्हरशी हात मिळवत फिरायचा आणि मिळवलेला हात सोडायचाच नाही. मनगट धरून पुरं एक मिनिट नाडी मोजायचा. "पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला मी काय दुकानदार आहे का?" असं वर मलाच ऐकवायचा.

त्या वर्षी डेस गाडी चालवणार होता. डेस म्हणजे आमचा कन्सल्टंट, थेट वरिष्ठ. चौसष्ट वर्षांचा. एक गंजलेली गाडी विकत घेऊन घरामागच्या शेडमध्ये त्याने ती अकरा वर्षं स्वतःच्या हाताने उभी केली होती, आणि ही तिची पहिली शर्यत. पुढच्याच आठवड्यात सुहासची कायमच्या नोकरीसाठी मुलाखत होती. तिथे डेसच्या शब्दाला वजन होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शर्यत दोनला. दीड वाजल्यापासून इंजिनं तापवणं सुरू झालं. थंड इंजिनाचे प्लग काढून शर्यतीचे बसवायची धांदल, कानठळ्या, आणि या जुन्या इंजिनांत घालतात त्या एरंडेलाचा सगळीकडे जळका वास. डेस सकाळी उशिरा पोचला होता, त्यामुळे त्याची नाडी राहिली होती. पावणेदोनला आम्ही त्याच्याजवळ गेलो. सुहासने मनगट धरलं. मिनिट झालं तरी सोडलं नाही, दुसरं मिनिट सुरू केलं. मग मला म्हणाला, "तू बघ." मी पाहिलं. ठोके कसेही पडत होते, ताल म्हणून नव्हता, आणि वेग एकशेतीसच्या वर.

"आय ॲम ग्रँड, सुहास," डेस हळूच म्हणाला. ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक'. "नर्व्हस आहे, बाकी काही नाही. आठ लॅप्सचा तर प्रश्न आहे."

त्या वेळी मी मराठीत जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "जाऊ दे ना सुहास. तो स्वतः डॉक्टर आहे, त्याला कळतंय. पुढच्या आठवड्याचा विचार कर."

शर्यतीला पाच मिनिटं उरल्याची पाटी वर झाली. मेकॅनिक गाड्या ढकलत रांगेत नेऊ लागले. सुहासने फिटनेसचा कागद दुमडून खिशात घातला. "डेस, तू आज चालवणार नाहीस. मी सही करत नाही," तो म्हणाला. डेसने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. त्याची गाडी बाजूला घेतली, आणि बाकीच्या गाड्या आमच्यासमोरून सुटल्या.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. डेस मुलाखत घेणाऱ्यांना काय बोलला, बोलला की नाही, मला माहीत नाही. त्याने हृदयावर उपचार घेतले आणि ती गाडी तो अजून चालवतो. सुहासच्या अंत्यविधीला आला होता, शेवटपर्यंत उभा होता. त्या दुपारी मी काय म्हणालो ते सुहासने पुन्हा कधीच काढलं नाही. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

या मार्चमध्ये तो माझ्याकडे कॉर्कला आला होता. आमच्या घराचा चढ चढताना अर्ध्यावर थांबला, कठड्याला धरून उभा राहिला. ओठांचा रंग गेला होता. मी पाहिलं... "काय रे?" म्हटलं. म्हणाला, "काही नाही लेका, वजन वाढलंय." मी मनात म्हटलं, तो स्वतः डॉक्टर आहे, त्याला कळतंय. आम्ही वर गेलो आणि बटाटेवडे खाल्ले. त्याचा हात मी धरला नाही, आणि याला मी कोणतीही सबब सांगू शकत नाही.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला आणि मटकन खुर्चीत बसल्या. विचारलं, तर म्हणाल्या, "झोप नाही रे, बाकी मी ठीक आहे." मी कप बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली. "असाल ठीक. पण हात द्या इकडे." त्यांनी हात पुढे केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी ठोके मोजू लागलो. ठोके व्यवस्थित होते. पण मधेच मला सेकंदकाटा दिसेनासा झाला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले.