टाकीखालचे टेनिसमास्तर

"मावशी, दार लाव!" मास्तर ओरडले. आग्या मोहोळ उठलं होतं. त्यांचं डोकं, मान, तोंड मधमाश्यांनी काळं झालं होतं. मी माझ्या नातीला, करुणाला, मैदानाचा रोलर ठेवायच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. मास्तर बाहेर राहिले. दार उघडं ठेवलं असतं तर तिघंही मेलो असतो.

यवतमाळच्या त्या मैदानावर मी टेनिस कोर्टाला पाणी मारायची, चुन्याच्या रेघा ओढायची. चौथी शिकलेली बाई, मला टेनिस काय कळणार! पण मास्तर बाभुळगावहून एसटीनं यायचे आणि इतक्या मोठ्यानं शिकवायचे, की ऐकून ऐकून अर्धं मलाही आलं.

नवा चेंडू आला की ते त्याची एक बाजू काळी रंगवायचे. फिरला की नाही ते दिसावं म्हणून. क्लबवाले चिडायचे. मास्तर म्हणायचे, "पोट्टे सांगतेत, सर, फिरवला. आता चेंडूच सांगन." करुणा टॉपस्पिन, म्हणजे चेंडू फिरवून मारायला शिकत होती तेव्हा रॅकेट नुसती पुढे लोटायची. "गाडा ढकलून राह्यली का वो? खालून वर घास त्याले!"

फटका चुकला तर ते रागवत नसत. नको तो फटका निवडला, तर मात्र "काहून मारला?" विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचा चेंडू देत नसत. एकदा करुणानं सरळ मारायचा सोपा चेंडू नेटपाशी नाजूक टाकायला घेतला आणि नेटात घातला.

"काहून?"

"लोक पाहून राह्यले होते, सर."

मास्तर पोट धरून हसले. मग म्हणाले, "लोक घरी जातीन. गेलेला पॉइंट कोण आणून देईन?"

त्यांचं कौतुक म्हणजे "जमून राह्यलं" एवढंच. पोरगी तेवढ्यावर आठवडाभर नाचायची.

माझं त्यांच्याशी भांडण व्हायचं. मी रेघ मारली की नेमके तिच्यावरून चालायचे. "मास्तर, डोळे फुटले काय?" "रेघ वाकडी हाये मावशी, पुसून देऊन राह्यलो." माणूस मला आवडायचा.

कोर्टाच्या एका टोकाला पाण्याची टाकी आहे. तिच्या बुडाला मोहोळ होतं. काढतो म्हणणारे पुष्कळ, काढलं कोणी नाही. तिकडे उंच चेंडू मारायचा नाही, हा नियम मास्तरांचाच. त्या संध्याकाळी बाकीच्या पोरांची परीक्षा होती, म्हणून करुणा एकटीच आली. ऊन तिच्या डोळ्यांत जात होतं, म्हणून त्यांनी बाजू बदलली. स्वतः टाकीखाली उभे राहिले आणि शिकवण्याच्या भरात नियम विसरले. "अजून उंच! माह्या डोक्यावरून गेला पाह्यजे!" करुणानं खालून वर घासून मारला. चेंडू त्यांच्या डोक्यावरून मोहोळात गेला.

लोकांनी धूर करून आम्हाला बाहेर काढलं. दवाखान्यात मास्तरांचं तोंड ओळखू येत नव्हतं. करुणा रडत म्हणाली, "सर, तो चेंडू मी मारला."

सुजलेल्या ओठांतून ते म्हणाले, "तू बरोबर मारला. सांगणं माह्यं चुकलं." मग माझ्याकडे वळले. "मावशी, हे तिले सांगत राहजो."

मी सांगत राहिले. ती रडत उठली की मी सांगायची, ताट सारून बसली की मी सांगायची. रॅकेट तिनं बऱ्याच दिवसांनी हातात घेतली. आता खेळते.

मास्तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात वारले. करुणा वाचली. मी वाचले.