वामांचं माहेर

माझा मेहुणा विट्झे ओब्बेस हा आमच्या गास्टमेर गावचा मास्तर. मुलांना अक्षरं शिकवायची, रविवारी चर्चमध्ये भजनाला सूर धरून द्यायचा आणि मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायची, एवढं त्याचं काम. त्याची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. म्हणून तो आमच्याकडेच जेवायला असायचा. माझी बायको बाउक्ये त्याची धाकटी बहीण.

आमचं गाव वामांवर जगतं. तळ्याकालव्यांतली सापासारखी लांब वाम धरायची, गलबताच्या पोटातल्या पाण्यात जिवंत ठेवायची आणि समुद्र ओलांडून लंडनच्या बाजारात विकायची. माझ्या बापानं तेच केलं, मीही त्याच गलबताचा तांडेल झालो. आम्हाला वामेचं वजन कळायचं, भाव कळायचा. ती येते कुठून, असं आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. चिखलातून होते, असं म्हातारे सांगायचे, आणि तेवढ्यावर आमचं भागायचं.

मास्तराचं भागत नव्हतं.

"सिप्के," तो मला म्हणायचा, "हेरिंगच्या पोटात अंडी. कॉडच्या पोटात अंडी. तुझ्या हाताखालून एवढी वाम गेली, एकीच्या तरी पोटात अंडी पाहिलीस?"

"नाही बुवा."

"मग पिल्लं होतात कशी?"

"मला ती विकायची आहेत मास्तर, त्यांची लग्नं लावायची नाहीत."

तो हसायचा आणि पुन्हा वाम फाडायला बसायचा, आमच्याच जेवणाच्या टेबलावर.

"दादा, ती सुरी पावाची आहे," बाउक्ये ओरडायची.

"धुतली आहे गं."

"तू धुतलीस, म्हणून तर सांगतेय!"

त्याच सुमारास लंडनच्या धक्क्यावर एक उंच, वाकलेला गृहस्थ माझ्याकडे यायला लागला. डॉक्टर ट्रेडवेल त्याचं नाव. मोठाल्या वाम निवडून न्यायचा आणि दर खेपेला स्वतःच्या पोटावर हात फिरवून बोटांनी बारीक गोल करून दाखवायचा. मला इंग्रजी यायचं ते भाव करण्यापुरतं आणि शिव्या देण्यापुरतं. तरी एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. हा अंडी विचारतोय! मी पोट धरून हसलो आणि जमेल तसं त्याला सांगितलं, की आमच्या गावात तुमच्यासारखाच एक वेडा आहे. डॉक्टरनं माझ्या फळीवरच कागद ठेवून त्या वेड्याला पत्र लिहिलं. लॅटिनमध्ये.

मास्तराला लॅटिन यायचं ते लहानपणी शिकलेलं, अर्धं विसरलेलं. तो कोश मागायला पाद्रीबाबांकडे गेला.

"लॅटिन देवाच्या कामाला आहे मास्तर, वामांच्या नाही."

"वाम कोणी केली, पाद्रीबाबा?"

पाद्रीबाबांनी कोश दिला. वर म्हणाले, "उत्तर लिहून झालं की आणून दाखव. विभक्त्या चुकवून गावाची लाज घालवशील."

तेव्हापासून वर्षानुवर्षं त्यांची पत्रं मी ने-आण केली. सदऱ्याच्या आत, मेणकापडात गुंडाळून. सुरुवातीला त्यात सगळं वामांबद्दलच असायचं. ती चिखलात कधी दडते, समुद्राकडे कोणत्या महिन्यात निघते, असलं. पुढेपुढे डॉक्टर विचारायला लागला, की तुमच्या शाळेचं छप्पर गळायचं थांबलं का? बहिणीचा खोकला कसा आहे? मास्तर ते जेवताना वाचून दाखवायचा, आणि बाउक्ये मान वर न करता म्हणायची, "बरा आहे म्हणून कळव. आणि त्यांच्या गुडघ्याला हंसाची चरबी चोळायला सांग." हंसाच्या चरबीला लॅटिनमध्ये काय म्हणायचं, यावर मास्तर आणि पाद्रीबाबांची एक संध्याकाळ गेली.

मग डॉक्टरनं एक भिंग पाठवलं. त्या भिंगातून मास्तरानं वामेच्या पोटात केसासारखे बारीक जीव वळवळताना पाहिले. तो डोक्यावर टोपी न घालता गावभर धावला. वाम अंडी घालतच नाही, तिला जिवंत पिल्लं होतात! त्यानं पत्र लिहिलं, डॉक्टरनं ते लंडनच्या विद्वानांच्या सभेत वाचून दाखवलं आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांनी ही बातमी चर्चमध्ये सांगितली. लोक रस्त्यात मास्तराला टोपी काढून नमस्कार करायला लागले.

त्याच वर्षी शरदात बाउक्येनं जेवणासाठी कॉड आणला. मास्तरानं सवयीनं त्याच्या आतड्यावर भिंग धरलं आणि तो खाली बसला. तेच केसासारखे जीव, तसेच वळवळणारे.

"काय झालं दादा?"

"कॉडच्या पोटात वामेची पिल्लं कशी असतील बाउक्ये? हे जंत आहेत. नुसते जंत."

मग मीच म्हणालो, "लंडनमध्ये कोण कॉड फाडून बघतंय? राहू द्या की तसंच."

"डॉक्टर माझ्या शब्दावर उभा आहे सिप्के. फळी कुजकी आहे हे मला दिसतंय. त्याला नको सांगू?"

त्यानं लिहिलं. ते पत्र मी डॉक्टरच्या दारात त्याच्या हाती दिलं. त्यानं तिथेच उभ्याउभ्या वाचलं. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तो आत गेला आणि दार लागलं. मी थोडा वेळ थांबलो, मग धक्क्यावर परतलो. पहाटेच्या भरतीला आम्हाला निघावंच लागलं. पहिल्यांदाच मी रिकाम्या हातानं घरी आलो.

"काही म्हणाला?" मास्तरानं विचारलं.

"घाईत होता," मी म्हणालो. त्याला ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं.

आणि त्याच हिवाळ्यात इंग्रजांशी लढाई जुंपली. आमची गलबतं कालव्यात बांधून पडली. चार वर्षं ना वाम गेली, ना पत्र. मास्तर शाळा चालवत होता, भजनं म्हणत होता, पण टेबलावर वाम दिसेना. बाउक्येनं एकदा स्वतःहून चांगली जाडजूड वाम त्याच्यापुढे ठेवली. "कालवण कर," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी ती चुलीपाशी उभी राहून रडली.

तह झाला आणि मी पुन्हा लंडनला गेलो. दोर बांधतोय तोच काठी आपटत कोणी धक्क्यावरून ओरडत आलं. डॉक्टर! केस पांढरे, पाठीचा कणा आणखी वाकलेला. त्यानं आधी मला मिठी मारली आणि मग अशा काही शिव्या दिल्या, की बाजारातली माणसंही वळून बघायला लागली.

"त्या पहाटे मी इथे आलो होतो," तो मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत म्हणाला. "उत्तर घेऊन. तुझं शीड पार वळणापलीकडे गेलेलं! एक रात्रसुद्धा थांबता आलं नाही तुला?"

"भरती थांबत नाही डॉक्टरसाहेब. आणि तुम्ही दार लावलंत."

"माणसाला लाज वाटली की तो दार लावतो. मग उघडतो. तेवढा वेळ तरी द्यायचास."

त्यानं सभेत उभं राहून चूक सांगितली होती. काही हसले. पण दोघं-तिघं नंतर त्याच्याकडे आले आणि हळूच म्हणाले, की आम्हीही ते जंत पाहिले होते आणि पिल्लंच समजलो होतो. डॉक्टरनं माझ्या हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा ठेवला. लढाईच्या काळात तो मास्तराला लिहीतच राहिला होता. पाठवायची वाट नव्हती, तरी.

मास्तरानं ती पत्रं आठवडाभर पुरवून वाचली. शेवटच्या पत्रात एक ओळ होती. मी सत्तरीला आलो, आता तुम्हीच या.

"शाळा आहे," मास्तर म्हणाला.

"शाळा मी बघतो," पाद्रीबाबा म्हणाले. "तू जा. आणि तिथे बोलताना क्रियापद शेवटी घे."

"मी तुझ्या पिशवीत चीज भरलंय," बाउक्ये म्हणाली, म्हणजे प्रश्न मिटला.

मास्तर आयुष्यात कधी समुद्रावर आला नव्हता. सारा वेळ तो कठड्याला धरून वाकला होता, आणि मधूनच मान वर करून विचारायचा, "इथे खाली असतील का रे?"

डॉक्टरच्या घराचं दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरानं दोन्ही हात पुढे केले आणि समुद्रभर घोकलेला शब्द उच्चारला, "आमीसे!"

डॉक्टरनं भुवया वर केल्या. मग तो म्हणाला, "अमायसी!"

आता मास्तर गोंधळला. दोघंही लॅटिनमध्ये "मित्रा" म्हणत होते, पण इंग्रजांचं लॅटिन इंग्रजांच्या तोंडचं आणि आमचं आमच्या तोंडचं. डॉक्टर एक लांबलचक वाक्य बोलला. मास्तरानं माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतोय?"

"मला काय विचारता? लॅटिन तुम्हाला येतं!"

मास्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांची मैत्री, एवढा समुद्र, आणि दारात उभं राहून एक वाक्य कळेना. तेव्हा डॉक्टरनं त्याचा दंड धरला, त्याला आत नेऊन टेबलाशी बसवलं, स्वतः समोर बसला आणि कागद ओढला. दोन ओळी लिहून त्यानं कागद टेबलावरून सरकवला. मास्तरानं वाचलं आणि खो खो हसला. त्यानं लेखणी घेतली, लिहिलं, सरकवलं. आता डॉक्टर हसला.

मुक्काम संपेपर्यंत त्यांनी असंच केलं. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून एकमेकांना पत्रं लिहिली. घर सांभाळणारी बाई मला जिन्यात गाठून विचारायची, "भांडलेत का हो दोघं? बोलत का नाहीत?"

"बोलतायत की," मी म्हणायचो. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

त्या कागदांतच एक गोष्ट निघाली. मास्तरानं सहज लिहिलं, की वसंतात आमच्या गावाजवळच्या वोर्कुमला समुद्राच्या बांधातल्या पाण्याच्या दारातून काचेसारखी पारदर्शक, बोटाएवढी वाम समुद्राकडून आत शिरते. डॉक्टरनं लिहिलं, की पश्चिमेला सेव्हर्न नदीकाठी माझा भाऊ राहतो, तिथले लोक तीच पिल्लं तळून खातात. मास्तरानं लिहिलं, कधी? डॉक्टरला ठाऊक नव्हतं. मास्तर जागेवरून उठला आणि भिंतीवरच्या नकाशापुढे जाऊन उभा राहिला.

पोटात शोधून मिळत नाही, तर वाटेवर शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टरनं भावाला लिहिलं, आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका ओळखीच्या पाद्र्याला लिहिलं. वसंतात ती पिल्लं पहिल्यांदा दिसली की कळवा. मास्तर परत आला आणि वोर्कुमच्या बांधावर नजर ठेवू लागला. थोरल्या मुलामुलींना घेऊन जायचा. भूगोल तिथेच शिकवायचा.

पहिल्या वर्षी आयर्लंडचं पत्र वाटेत हरवलं. दुसऱ्या वर्षी बांधावर बर्फ उशिरा वितळला आणि मास्तर म्हणाला, हे वर्ष धरायचं नाही. तिसऱ्या वर्षी सगळी पत्रं आली. मास्तरानं आमच्या टेबलावर नकाशा पसरला आणि पिल्लं जिथे आधी दिसली त्या क्रमानं प्रत्येक गावावर एक वाटाणा ठेवला. आधी आयर्लंड. मग सेव्हर्न. मग लंडनची नदी. सगळ्यांत शेवटी आमचं वोर्कुम.

"बघ बाउक्ये," तो हळूच म्हणाला. "पश्चिमेकडून येतात. आपल्या चिखलातली नाहीत ही. आयर्लंडच्याही पलीकडे, मोठ्या समुद्रात कुठेतरी यांचं माहेर आहे."

बाउक्ये नकाशावर वाकली. आयर्लंडच्या डावीकडे नुसता निळा कागद होता. "एवढुशी पोरं," ती म्हणाली, "आणि एवढं पाणी ओलांडून आपल्या दारात येतात?" मग तिनं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं आणि सगळ्यांना कॉफी केली.

अंडी कोणाला सापडली नाहीत. डॉक्टरनं सभेत हे मांडलं तेव्हा या वेळी टाळ्या झाल्या नाहीत, प्रश्न झाले. मास्तराला ते जास्त आवडलं. त्यातल्या दोघांनी आपापल्या किनाऱ्यावर बघायचं कबूल केलं. डॉक्टर आता ऐंशीच्या घरात आहे. अक्षर थरथरतं, पण पत्र येतं.

गेल्या महिन्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरून एका मीठवाल्याच्या विधवेचं पत्र आलं, डॉक्टरमार्फत, वर त्याच्या लॅटिनमधल्या चार ओळी. तिच्या मिठागराच्या दारातून म्हणे ती पिल्लं शिरतात आणि ही बाई कधीपासून त्यांच्यावर नजर ठेवून आहे. पत्र फ्रेंचमध्ये. गावात कोणालाच फ्रेंच येत नाही, पाद्रीबाबांनाही नाही. मास्तर साठीला टेकलाय, पण उत्तर तिच्याच भाषेत लिहायचं म्हणतो. परवा मी घरी आलो तर आमच्या टेबलाशी बसून मोठ्यानं फ्रेंच क्रियापदं घोकत होता, आणि बाउक्ये भांडी घासता घासता त्याच्या चुका काढत होती.

"तुला कुठे येतं फ्रेंच?" मी तिला विचारलं.

"मला नाही येत," ती म्हणाली, "पण सकाळपासून तो एकच शब्द तीन तऱ्हांनी म्हणतोय. त्यातले दोन तरी चूकच असणार."