खांबेट्यांनी मागितलेला अर्धा दिवस

खांबेटे टेबलाशी येऊन उभे राहिले की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत हलत नसत. पडद्यावर अपडेटची सूचना आली की आम्ही सगळे 'नंतर' दाबायचो. ते बघून ते म्हणत, "हे 'नंतर'चं बटण ज्यानं केलं ना, त्याला एकदा भेटायचंय मला."

लखनऊच्या एका कर्करोग रुग्णालयात ते कॉम्प्युटर विभाग सांभाळत. विभाग म्हणजे ते एकटेच. मूळचे मिरजेचे, वीस वर्षं लखनऊच्याच तेलीबाग भागात राहिलेले. मी संचालकांच्या कार्यालयात आवक-जावक बघायची. तिथे मराठी आम्ही दोघेच, त्यामुळे कामाचं बोलून झालं की ते दोन मिनिटं जास्त थांबत. "मीनाताई, या सिस्टिमला रोज कुठेतरी भोक पडतं. बनवणारे बिचारे ठिगळं पाठवतात. आपल्याला ती लावायलाही वेळ नाही."

त्यांची खरी काळजी एका सर्व्हरची होती. कुणाला कुठे, किती रेडिएशन द्यायचं, हे सगळं त्यावर होतं. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. ती अद्ययावत करायला मशीन अर्धा दिवस बंद ठेवावी लागणार होती. संचालक बाहेरची पेशंटांची रांग दाखवायचे. "खांबेटेजी, इन्हें क्या जवाब दूँ? अगले महीने देखेंगे." खांबेट्यांनी तीनदा लेखी मागणी केली. तिन्ही पत्रं मीच घेतली. तिसऱ्याच्या प्रतीवर घाईत मिळाल्याची नुसती सही केली, शिक्का मारायचा राहिला.

एका सोमवारी सकाळी सगळे पडदे एकदम लाल झाले. कुणीतरी बाहेरून त्या जुन्या सर्व्हरमधून आत शिरून सगळ्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. जपून ठेवलेल्या प्रतीही त्याच नेटवर्कवर होत्या, त्याही गेल्या. रेडिएशन थांबलं. खांबेटे जेवायचे विसरून काम करत, आणि मधूनच बाहेरच्या बाकांवर जाऊन बसत. रायबरेलीकडचे रामसेवकजी म्हणून एक शिक्षक होते, घशाचा कॅन्सर. त्यांना बोलता येत नसे. बायको विचारायची, "भैया, हमारी सिकाई कब होगी?" रेडिएशनला तिकडे सिकाई म्हणतात. खांबेटे तिला खोटं सांगत नसत. "अभी पता नहीं, बहनजी," म्हणत, आणि वहीत फोन नंबर लिहून घेत. अडीच आठवड्यांनी मशीन सुरू झाली.

मग चौकशी लागली. सिस्टिम जुनी का राहू दिली, असा ठपका खांबेट्यांवर आला. खांबेट्यांनी तिसऱ्या पत्राची प्रत पुढे ठेवली. आधीच्या दोन पत्रांच्या प्रती आणि माझी आवक नोंदही कॉम्प्युटरवरच होती, ते सगळं कुलूपबंद फायलींबरोबर गेलं होतं. मला बोलावलं. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "मैडम, ये साइन आपका है?" संचालक समोरच बसले होते. माझ्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मी म्हणाले, "मेरे जैसा लगता है, सर. पर याद नहीं."

खांबेट्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद घडी घालून खिशात ठेवला. महिन्याभरात त्यांना काढून टाकलं.

मी तेलीबागला त्यांच्या घरी गेले तेव्हा थंडी सुरू झाली होती. खांबेटे वही पुढ्यात घेऊन फोन करत होते. त्या अडीच आठवड्यांत सिकाई अडलेल्या एकेका पेशंटची चौकशी. मला पाहून म्हणाले, "बसा. रामसेवकजी गेले."

"त्यामुळे?"

"त्यामुळे गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत. नाही असंही म्हणत नाहीत."

मला रडू आलं. "मी उद्याच खरं सांगते," म्हणाले.

"सांगा. माझ्यासाठी नको. पण माझ्या जागी जो येईल, त्याला तरी तो अर्धा दिवस मिळायला हवा."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्या आठवड्यातही नाही. मग नवऱ्याचं आजारपण वाढलं, आणि मला कारणही मिळालं. जानेवारीत खांबेटे झोपेतच गेले. हृदय थांबलं होतं.

तेराव्याला गेले. त्यांची मुलगी नेहा दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. मी म्हटलं, "नेहा, ती सही माझीच होती गं."

"पापा को मालूम था, आंटी. कहते थे, आप डर गई थीं." मग तिनं विचारलं, "अब भी डरती हैं?"

"हो," मी म्हणाले.

"तो डरते-डरते ही बता दीजिए."

दुसऱ्या दिवशी मी ती सही माझीच असल्याचा लेखी जबाब दिला. संचालकांनी तो वाचला आणि म्हणाले, "मैडम, अब तो वो रहे नहीं." मी म्हटलं, "सर, मरीज़ तो हैं," आणि कागद मिळाल्याची सही घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडले नाही.