समोरून उजवी

दादाला इंटरनेटवर टाकायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता आणि इंटरनेट म्हणजे नक्की काय, हे आप्पांना माहीत नव्हतं. ते सिटी बसवर कंडक्टर होते. गाडीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, की तिथं फोटो टाकला की सगळ्या जगाला दिसतो. मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये वेबपेज बनवायला शिकत होते. आप्पांना तेवढं पुरलं.

दादा माझा थोरला भाऊ. आप्पांशी कडाक्याचं भांडण झालं आणि 'बिद्रीला कारखान्यावर कामाचं बघून येतो' म्हणून तो घरातून निघाला. बिद्रीला तो पोचलाच नाही. पोलिसांत तक्रार दिली, पेपरात फोटो दिला, पाहुणेरावळे पालथे घातले. पेपरातल्या फोटोमुळे फक्त टवाळखोरांचे फोन सुरू झाले. 'तुमचा पोरगा आमच्या शेजारच्या विहिरीत हाय,' असं एकानं आईला हसत हसत सांगितलं. तो माणूस मला आजही भेटला तर मी काय करीन, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दादाचा अलीकडचा एकट्याचा फोटो नव्हता. मावसबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याला कापून काढला. त्यात तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, फोटोच्या डाव्या कडेकडे बघत होता. लहानपणी तो रंकाळ्याच्या पायरीवर आपटला होता. त्याची खूण डाव्या भुवईवर होती, तिथं केस कधी उगवलेच नाहीत. फोटोत ती स्पष्ट दिसत होती.

क्लासमध्ये मी पान करायला बसले. पहिल्यांदा नुसता फोटो टाकला आणि खाली मजकूर लिहिला, तर 'हरवला आहे' ही एकच ओळ फोटोच्या पायाशी चिकटली आणि बाकीचं सगळं खाली घसरलं. मग फोटोला डावीकडे अलाइन केलं. मजकूर मुकाट्यानं त्याच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला: नाव, वय, उंची, डाव्या भुवईवरची खूण, आमचा फोन नंबर. मला रडू आलं. मन लावून केलेलं माझं ते पहिलंच पान, आणि ते असलं.

सर मागे येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा पक्का.

"माणूस पानाच्या बाहेर बघतोय," ते म्हणाले. "मजकुराकडे पाठ केल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्याची नजरही बाहेर जाते."

"मग फोटो उजवीकडे घेऊ?"

"नाही. फोटो डावीकडेच. डोळा आधी तिकडे जातो."

त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि एका क्लिकमध्ये दादाला आरशातल्यासारखा उलटा फिरवला. आता तो मजकुराकडे बघत होता, जणू स्वतःचंच नाव वाचतोय. पान खरंच देखणं झालं. त्याच दुपारी ते इंटरनेटवर गेलं.

प्रिंट घरी नेली. आई ती हातात धरून बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोण?"

"दादा, आई."

"ह्यो माझा न्हाय. त्याच्यासारका हाय, पन माझा न्हाय."

आम्हाला वाटलं, बाई आता खचली. पण आप्पांनी प्रिंट ओढून घेतली आणि त्यांच्या ध्यानात आलं. "खूण बदलल्या की. डावीची उजवी झाल्या."

मी म्हटलं, उद्याच सरळ करून घेते. आप्पा प्रिंटवरच्या खुणेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "नगं. असू दे उलटाच. मजकुरातलं 'डाव्या' काढ, नुसतं 'भुवईवर खूण' ठेव. फोन आला की मी आधी खूण इचारणार. जो उजव्या म्हनंल त्यानं नुस्ता फोटू बघितलाय. जो डाव्या म्हनंल त्यानं पोरगा बघितलाय. खोटारडी आपोआप कळतील."

त्या टवाळांनी आप्पांना पार पोळून काढलं होतं. मला त्यांची युक्ती फार हुशारीची वाटली. आईसुद्धा पहिल्यांदाच म्हणाली, "व्हय, ह्ये बरं हाय."

फोन आला तो एका रविवारी, आम्ही जेवत असताना. आप्पांनीच उचलला. समोरचा काय म्हणतो ते मोठ्यानं परत म्हणायची त्यांना सवय होती, गाडीत उतारूचा स्टॉप परत म्हणायचे तशी. त्यामुळे आम्हाला सगळं कळत होतं.

"खानावळ हाय तुमची? स्टँडाजवळ? बरं. पोरानं कालिजात नेटवरनं नंबर काढून दिला? बरं. एक माणूस रोज जेवाय येतोय, बोलत न्हाय, बरं. थांबा पावणं, आधी खुणंचं सांगा. भुवईवर? कुटल्या?"

आम्ही घास हातात धरून बसलो होतो.

"उजव्या?" आप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज गल्लीपर्यंत गेला. "फोटू बघून आमाला गंडवतोस व्हय रं? पोटाला पोरं हायत का न्हाईत तुला?" तो माणूस आणखी काहीतरी बोलत होता, कानडी वळणाचं मराठी, मलाही त्याचा हेल ऐकू आला. आप्पांनी रिसीव्हर आपटला आणि ताटावर येऊन बसले. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

आई जेवत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं उजवा हात लांब केला आणि समोर बसलेल्या माझ्या भुवईवर बोट ठेवलं.

"ही कुटली?" तिनं विचारलं.

"डावी."

"तुजी डावी. माज्या तर उजव्या हाताला हाय."

आप्पांचा घास थांबला.

"रोज म्होरं बसवून वाढणारा मानूस," आई म्हणाली, "त्याला जशी दिसत्या तशीच सांगनार की. आनि उलट्या फोटूत तर ती आता डावीकडं दिसत्या. फोटू बघून बोलला असता, तर डाव्या म्हनाला असता."

मी प्रिंट काढून बघितली. आई म्हणत होती तसंच होतं. आमच्या घरच्या फोनवर आलेला नंबर दिसत नसे. गाव विचारायचं राहिलं होतं, कारण आधी खूण, मग गाव, असं आप्पांनीच ठरवलं होतं.

सोमवारी आप्पा खाकी कपड्यांतच क्लासमध्ये आले आणि सरांना म्हणाले, "त्याला सरळ करा." सरांनी लगेच केला. दादा परत पानाच्या बाहेर बघायला लागला.

त्यानंतर आप्पा सुट्टी मिळेल तेव्हा, त्या कानडी हेलाच्या अंदाजानं, निपाणीपासून पुढं, स्टँडाजवळची खानावळ दिसेल तिथं शिरायचे आणि फोटो दाखवायचे. कुणीच ओळखला नाही. तो फोन परत आला नाही.

लग्न होऊन मी पुण्याला आले. आठवड्यातून एकदा घरी फोन करते. आप्पाच उचलतात, पहिल्या रिंगला. हॅलो म्हणत नाहीत.

"कुठनं बोलताय, पावणं?"

"मी हाय, आप्पा."

मग ते फोन आईकडे देतात.