जंगलातल्या भिंतीला बाबांचा ओळंबा

मेक्सिकोतल्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी बीच बुडवला. दोघी म्हणजे मी आणि माझी फ्लॅटमेट केतकी. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या मराठी ग्रुपबरोबर आठवडाभराच्या हॉलिडेवर गेलो होतो, आणि ग्रुपच्या एक्सेल शीटमध्ये त्या दिवसापुढे फक्त ‘रिलॅक्स’ लिहिलं होतं...

मला रिलॅक्स होता येत नाही. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तासाभरावर जंगलात माया लोकांचं एक जुनं शहर आहे, फारसं कुणी जात नाही. दहा मिनिटांत आम्ही शेअर व्हॅनमध्ये होतो.

"एलियन भेटले तर सेल्फी घ्या गं!" ग्रुपमधला समीरदादा मागून ओरडला. ग्रुपचा तो लाडका विनोद... एवढं बांधकाम त्या जंगलातल्या लोकांना कुठलं जमायला, वरून कुणीतरी येऊन बांधून गेलं असणार.

पुढचं कळावं म्हणून एक गोष्ट आधी सांगते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझे बाबा बार्शीत गवंडी आहेत. मी ब्रॅकनेलला नवीन आले तेव्हा ग्रुपमधल्या वैद्यकाकूंनी विचारलं, बाबा काय करतात? मी म्हटलं, बांधकाम. "अगंबाई, बिल्डर!" काकू म्हणाल्या... आणि मी नुसती हसले.

ते हसणं दीड वर्ष चाललं. मधल्या काळात काकूंनी त्यांच्या लीड्सच्या भाच्यासाठी माझं नाव काढलं. आम्ही दोनदा फोनवर बोललो, आणि लपवत कशाला, तो मला आवडला. आता खरं सांगितलं तर सगळंच फिसकटेल, ही भीती घेऊन मी फिरत होते.

तर, जंगल. आत शिरल्यावर पाच मिनिटांत कपडे अंगाला चिकटले. जी टेकडी वाटली ती टेकडी नव्हतीच, अख्खं देऊळ होतं! पायऱ्यांतून झाडं वर आलेली, मुळांनी दगड असे धरलेले की कोण कुणाला सांभाळतंय ते कळेना.

मागच्या बाजूला ताडपत्रीखाली दोन माणसं ढासळलेला कोपरा पुन्हा रचत होती. शेजारी थापी, पाण्याची बादली, ताणलेली दोरी... आणि ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. हुबेहूब बाबांच्या पिशवीतल्यासारखा. केतकी शेजारी उभी आहे हे विसरून मी सरळ बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबा नुकतेच जेवून बसले होते. "जरा जवळ धर," म्हणाले. जुन्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. "सांधे बघ कसे भरल्यात. बारक्या चिपा ठोकल्यात. कुणी घाई न्हाई केली."

मग एकदम म्हणाले, "ह्यो नवा कोपरा कुणी उचलला? वरचा दगुड भाईर आलाय. ओळंबा लावाय सांग त्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण केतकीने ॲपवर शिकलेल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं. त्यातल्या म्हाताऱ्या गवंड्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग ओळंबा सोडला. दगड बोटभर बाहेर! तो मोठ्याने हसला आणि फोनवर वाकून म्हणाला, "माएस्त्रो!"

"काय म्हणतोय?"

"काका, तो तुम्हाला मिस्त्री म्हणतोय," केतकी म्हणाली.

"मग बरोबर हाय," बाबा म्हणाले. "चल, ठिवतो. सकाळी स्लॅब हाय, मुकादमानं सहालाच बोलवलंय."

परतताना व्हॅनमध्ये केतकी माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "बिल्डरला मुकादम बोलावतो होय गं?"

मी सांगितलं. बाबा रोजंदारीवर जातात, त्यांच्या लहानपणापासून. तिने माझा हात धरला आणि अगदी मायेने म्हणाली, "काळजी करू नकोस, मी कुणाला सांगणार नाही."

तेच लागलं मला. जणू घरात कुणी गुन्हा केलाय आणि आता तो आम्ही दोघी मिळून झाकणार आहोत.

परवा रविवारी काकूंच्या घरी सगळे जमलो होतो. टीव्हीवर ट्रिपचे फोटो चालू होते. आमची भिंत आली आणि समीरदादा म्हणाला, "हे बघा, एलियन्सची साइट!"

मी ताट खाली ठेवलं. "एलियन नव्हते, दादा. गवंडी होते. माझे बाबाही गवंडी आहेत, बिल्डर नाहीत. या कोपऱ्यातली चूक त्यांनी बार्शीत बसून काढली."

"अगं, मी आपली गंमत..." दादा पुटपुटला. "माहितीये," मी म्हटलं, "पण आता पुरे." केतकी तेवढी खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली.

काकूंनी मला किचनमध्ये नेलं. "चारचौघांत सांगायची काय गरज होती? लीड्सला आपण हळूहळू कानावर घातलं असतं." मी म्हटलं, "काकू, तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. उशिरा सांगितलं त्याची माफी मागते. सांगितलं त्याची मागणार नाही."

लीड्सहून अजून मेसेज नाही. वाईट वाटतंय, फोन सारखा बघतेय... पण बाबांना झाकून ठेवून कुणाच्या घरात जायचं नाही, हे आता नक्की.

बाबा, हे तुम्ही अक्षर अक्षर लावून वाचाल, म्हणून सोपं लिहिलंय. तुम्ही भिंती बांधल्यात म्हणून मी इथवर आले. आणि इथे येऊन दीड वर्ष तुमचं काम तोंडातल्या तोंडात ठेवलं... यापुढे कुणीही विचारलं, तर खणखणीत सांगेन.