सिंधुबाईंची उभ्याने केलेली बारावी

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पेपराला सिंधुबाईंचे हातपाय गळाले ते म्हणे वर्गावरच्या मास्तरला बघून. सातपूरच्या त्या गल्लीत ही कुजबूज उठली तेव्हा नळाखालचे हंडे भरून वाहत होते, पण नळ बंद करायला कुणाचा हात मोकळा नव्हता. सगळे हात तोंडावर होते.

"तोच हो! लग्नाआधी घोटीला हिला बघायला आलेला. पोहे खाल्ले न् नकार कळवला," मोहिनी म्हणाली. तिचं पार्लर, त्यामुळे तिचा शब्द गल्लीत छापून आल्यासारखाच. "पेपर कोरा ठेवून आली म्हणे."

आता सिंधुबाई कोण, तर अंगणवाडीतल्या मदतनीस. पोरं गोळा करायची, खिचडी रांधायची, नाकं पुसायची. त्यांच्या वरच्या सेविका विमलाबाई दोन वर्षांनी, जूनमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या. त्या खुर्चीवर सिंधुबाईंचा डोळा होता आणि का नसावा? फक्त बारावी पास हवी होती, आणि यांचं शिक्षण दहावीनंतर मांडवातच थांबलेलं. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाई बाहेरून बारावीला बसल्या. घरबसल्या अभ्यास! हा शब्द ज्याने काढला, त्याच्या घरी बायको असणार.

"मम्मी, रोज दोन तास धर. चार महिन्यांत आरामात होतंय," लेक तेजस्विनी म्हणाली. तिची बारावी नुकतीच झाली होती, आणि त्या वर्षी तिच्या ताटात पोळी आपोआप येत असे.

दोन तास काही सापडेनात. नवरा ओझरच्या कारखान्यात. त्याची पाळी फिरली की घरची चूलही तिच्यामागे फिरायची. पाणी, डबे, अंगणवाडी, संध्याकाळी सासूबाईंचे पाय. एवढं उरकून बाई पुस्तक घेऊन बसल्या की पहिल्याच ओळीला मान खाली. चार महिने असेच गेले, त्या वर्षीची परीक्षाही गेली.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. बसायचंच नाही. पुस्तक ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्याला टेकवायचं आणि उभ्याने वाचायचं. मागणी-पुरवठा फोडणीत, इतिहास कणकेत. अंगणवाडीतही शेगडीपाशी उभ्या, ओठ हलताहेत. पोरांना वाटे बाई खिचडीशी बोलतात.

सासूबाई, अंबूबाई, खाटेवरून बघत राहायच्या.

"सिंधू, परीक्षा देतीस का नवस फेडतीस? खाली बस की."

"बसले की संपलं, आत्याबाई."

"अजून किती दिवस हे?"

"पास होईस्तोवर."

"म्हणजे माझ्या तेराव्याला पेढे वाटशील तू!"

सिंधुबाई हसल्या, उभ्या उभ्याच. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, पण दुसऱ्या वर्षी पुस्तकं संपली. सगळी. विमलाबाईंनी तर आपल्या खुर्चीला नवी उशीसुद्धा शिवायला टाकली, "तुझ्यासाठी गं" म्हणत.

परीक्षेत मराठी निभावलं, इतिहासही निभावला. मांडीला चिमटे काढत बाई बाकावर टिकल्या. अर्थशास्त्राच्या आदल्या दिवशी मात्र अंगणवाडीत लसीकरण होतं, घरी वणीहून देवदर्शन करून आलेले पाहुणे होते, आणि पहाटे नवऱ्याची पाळी. तशाच त्या केंद्रावर पोचल्या. खिडकीजवळचा बाक मिळाला. डोक्यावर पंखा. कुणी पाणी मागत नव्हतं, कुणी "सिंधू" म्हणून हाक मारत नव्हतं. प्रश्नपत्रिका वाचली. येत होतं सगळं.

निकालात बाकीचे विषय सुटले, अर्थशास्त्र राहिलं. पुरवणी परीक्षा जुलैत आणि खुर्ची रिकामी जूनमध्ये. तिथे दुसरी बाई आली, नव्या उशीवर बसली. सिंधुबाई खिचडीच हलवत राहिल्या.

मोहिनी एकदा मुद्दाम साखर मागायला आली. "ताई, आता खरं सांगा. तोच होता ना?"

सिंधुबाईंनी वाटीत साखर घातली. नाही म्हणायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढा दम कुणाच्या अंगात होता? त्यांनी भरलेली वाटी पुढे केली. मोहिनी तृप्त होऊन गेली.

वर्गावर मास्तर नव्हता, एक मॅडम होत्या. त्यांनी दोनदा हलवून उठवलं. सिंधुबाई पेपर संपेपर्यंत झोपल्या होत्या.