कुंदाताईंनी आखलेले डोळे

मूर्तीचे डोळे आखायला बसल्या की कुंदाताई समोर कुणालाही उभं राहू देत नसत. "बाजूला व्हा सायेब," पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "देवाची पयली नजर अंगावर आली तर झेपायची नाय तुमाला." मी पेणच्या शाखेत कर्जं बघणारा अधिकारी, हमरापूरला त्यांची शेड पाहायला गेलो होतो. निमूट बाजूला सरलो. ब्रश टेकवताना त्या श्वास धरत, डोळा उतरला की सोडत. मग हसून म्हणाल्या, "च्या घ्या. बँकवाल्यांना साखर जास्त लागते, गोड बोलायचं असतं ना."

नवरा गेल्यावर शेड त्यांनी एकटीनेच चालवली. शेजारीण चिडवायची, "कुंदे, देवाचं नाक नवऱ्यासारखं काढतंस काय गो?" "तसं काढलं तर गिऱ्हाईक पळंल गो," त्या मान वर न करता म्हणायच्या.

माती, रंग, मजुरी वर्षभर घालायची आणि पैसा भाद्रपदात एकदाच यायचा. अशा धंद्याचं कर्ज गणपतीनंतर एकरकमी फेडून घेतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या मार्चला शाखेच्या टार्गेटला महिन्याच्या हप्त्यांची कर्जं कमी पडत होती. मी कुंदाताईंचं कर्ज त्यात घातलं. वर एक विमा चिकटवला, त्याचे पैसेही कर्जातूनच कापले.

"गणपतीनंतरच भरायचं ना, नेहमीसारखं?" त्यांनी विचारलं.

"हो हो. तुम्ही सही करा."

"तुमी वाचलंय ना? मग झालं."

हप्ते थकत गेले. श्रावणात वरच्या ऑफिसने शेडला सील ठोकायला माणूस पाठवला. शेड दाखवायला सोबत मी. आत रंगवलेल्या मूर्ती रांगेने उभ्या, डोळे आखायचे बाकी. कुंदाताई त्याला म्हणाल्या, "चवथीपर्यंत थांबा. सगळे पैसे भरते. चवथ झाल्यावर या मूर्ती कोण घेणार? डोळे तरी काढू द्या मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. 'खरं बोलतायत त्या,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग या धंद्याला महिन्याचे हप्ते कुणी लावले, हे निघालं असतं. मी घड्याळ पाहत राहिलो.

कुंदाताई आत गेल्या आणि एक मूर्ती घेऊन आल्या. माझ्या घरी दरवर्षी त्यांचाच गणपती असायचा. "न्या. तुमचा मी पयला आखते. याचे पैसे दिलेत तुमी, ह्यो बँकेचा नाय." अख्ख्या शेडमध्ये तेवढ्या एकालाच डोळे होते. मी तो घेतला.

सील लागलेल्या शेडमध्ये बाकीच्या मूर्तींना ओल लागली. पुढे शेडही विकली गेली. कुंदाताई रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात लेकीकडे राहायला गेल्या. मला बढती मिळाली, रोह्याला. तरी नदीवरचा पूल ओलांडून त्यांच्याकडे जायला मला दोन वर्षं लागली. त्या डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या खडे वेचत राहिल्या.

"मला वाटायचं, तुला बी वरनंच सांगितलं असंल," शेवटी म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं 'सायेब' गळून पडलं होतं. "तवाच बोलायचं व्हतंस रं."

मग सूप घेऊन आत गेल्या. त्या परत बाहेर येतील म्हणून मी बराच वेळ बसलो. शेवटी लेकीने दिवा लावला आणि मी उठलो. त्याच वर्षी थंडीत त्या गेल्या.

आमच्याकडे गणपती अजून येतो, आता दुकानातून. आरतीला बायको म्हणते, "अहो, समोर या ना." मी घंटा घेऊन बाजूलाच उभा राहतो.